उजवीकडे ओढणारा स्केट

आई जाऊन काही महिने झाले होते, तरी शाळा सुटली की मी भराभर चालतच घरी यायची. नंदुरबारच्या एका शाळेत मी गणित शिकवते. आईला अर्धांगवायू झाल्यापासून शेवटचा तास संपल्यावर कोणाशी दोन शब्द बोलत थांबायची सोय नव्हती. तिला उठवायचं, न्हाणीघरात न्यायचं, भरवायचं. आता कुलूप उघडून आत गेल्यावर कळायचं की घाई कशाचीच नव्हती. मग पर्स खुंटीला अडकवून मी रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसून राहायची. लग्न मी केलं नाही. भाऊ सुरतेला असतो, तो फोन करायचा, पण त्याचे फोन बहुधा त्याच्या गाडीत सुरू व्हायचे आणि कारखान्याच्या फाटकाशी संपायचे.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेले तेव्हा तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात मला तो जोड दिसला. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर इस्त्र्या, मिक्सरची भांडी, आणि त्यांच्यात पांढऱ्या बुटांचे चार-चार चाकांचे स्केट्स. लहानपणी एका उन्हाळ्यात सुरतेच्याच मामेबहिणीकडून मी स्केटिंग शिकले होते. सुट्टी संपली, मी नंदुरबारला परत आले आणि तो विषय तिथेच संपला होता. बूट पायात घालून पाहिला, बरोबर बसला. वहिनींनी विचारलं, कोणासाठी घेताय? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्या हसल्या. परतीच्या गाडीत नवापूर मागे पडेपर्यंत मी पिशवी मांडीवरच धरून बसले होते.

आमच्या शाळेला सिमेंटचं मोठं अंगण आहे, जिथे प्रार्थना होते. रविवारी सकाळी मुख्याध्यापकांना विचारून मी तिथे गेले. तोल सावरायला थोडा वेळ लागला, पण पाय विसरले नव्हते. अडचण वेगळीच निघाली. उजवा पाय सरळ टाकला तरी स्केट उजवीकडे वळायचा. फाटकापासून समोरच्या स्टेजकडे निघायची आणि पोचायची उजवीकडच्या पाण्याच्या टाकीपाशी. चौथ्या-पाचव्या वेळी टाकी चुकवायला गेले आणि हातावर पडले.

मनगट लगेच सुजलं. अंगणात कोणी नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. दुखण्यापेक्षा मला वेगळंच जाणवत होतं. मी आज घरी गेले नाही तर ते उद्या प्रार्थनेच्या वेळी कळेल, त्याआधी कोणाला कळायचं कारण नाही. घरी येऊन एका हाताने आणि दातांनी मनगटाला पट्टी बांधली आणि दुपारी जेवले नाही.

मनगट बरं होईपर्यंत स्केट्स चालवता येणार नव्हते, म्हणून मी ते उलटे करून टेबलावर ठेवले आणि बघू लागले. रचना तशी सोपी होती. बुटाच्या तळाला एक धातूची पट्टी. तिला पुढे एक आणि मागे एक अशी आडवी दांडी. प्रत्येक दांडीला दोन चाकं. दांडी आणि पट्टी यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या, आणि त्यांना आवळून धरणारा मोठा नट. पाय एका बाजूला झुकवला की त्या बाजूचं रबर दबतं आणि स्केट वळतो. म्हणजे कोणी न झुकताही वळत असेल तर कुठेतरी काहीतरी सारखं नाही.

आधी संशय चाकांवर घेतला. सगळी हाताने फिरवून पाहिली. एक अडखळत होतं, त्याच्या बेअरिंगमध्ये केस गुंडाळले होते. ते काढून, धुऊन, तेल सोडलं. मग उजव्या स्केटची चाकं डाव्याला आणि डाव्याची उजव्याला लावली. मनगट बरं झाल्यावर शाळेत जाऊन पाहिलं. ओढ उजव्यातच राहिली. चाकांचा दोष नव्हता.

मग नट सोडून रबरं बाहेर काढली. डाव्या स्केटची ठीक होती. उजव्याच्या मागच्या दांडीचं रबर एका बाजूने दबून पार चपटं झालं होतं, कडेला भेगा पडल्या होत्या. कोणीतरी वर्षानुवर्षं त्याच कडेवर भार देऊन वळत आलं होतं. गोल रिंगणात फिरणारं कोणीतरी असावं. मी बराच वेळ ते रबर हातात घेऊन बसले. घरात दुसऱ्या कोणा माणसाची खूण अशी हाताला लागून खूप दिवस झाले होते.

तशी रबरं नंदुरबारात मिळेनात. भावाला सांगितलं, तो म्हणाला बघतो. दोन आठवड्यांनी आठवण केली तर म्हणाला, अगं राहूनच गेलं. शेवटी दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन शॉकअब्सॉर्बरची रबरं आणली आणि उंचीला जास्त होती तेवढी ब्लेडने कापली. चारही जागी नवीनच बसवली, म्हणजे सगळी सारखी राहतील.

तरी थोडी ओढ उरलीच. म्हणून बुटाच्या टाचेच्या मध्यापासून टोकाच्या मध्यापर्यंत दोरा ताणला. दोरा पट्टीच्या बरोबर मधून जायला हवा होता. मागे जात होता, पुढे एका बाजूला सरकत होता. पट्टीच मुळात किंचित तिरकी बसवलेली होती. पुढचे स्क्रू ढिले केले, जुनी भोकं काडीपेटीच्या काड्या आणि डिंक घालून बुजवली, आणि फळ्यावर वापरतो तो लाकडी गुण्या लावून नवीन जागी पट्टी बसवली. सगळा रविवार त्यात गेला. संध्याकाळ झालेली मला कळली नाही, हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. मुलगा पुण्याला, त्या इथे एकट्या. आई होती तेव्हा दुपारी तिच्याजवळ बसायच्या. आई गेल्यावर त्यांचं येणं कमी झालं, आणि मीही बोलावलं नाही. एका रविवारी त्या भाजी घेऊन शाळेवरून जात होत्या, फाटकापाशी थांबल्या आणि बघत राहिल्या. मी अजून हातभर उजवीकडेच जात होते. त्यांच्याजवळ जाऊन मी वैतागून म्हटलं, सगळं करून झालं, तरी हा सरळ जात नाही.

त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "त्यानी काय चूक? तू चालस तवयबी उजवीकडेच झुकस. तुन्ही मायले उचली उचली तुन्हं आंग तसंच व्हई गयं."

आईची डावी बाजू गेली होती. मी तिच्या डावीकडे उभी राहून तिचा हात माझ्या खांद्यांवर घ्यायची, आणि तिचा सगळा भार माझ्या उजव्या अंगावर यायचा. रोज, कितीतरी वेळा. मावशी भाजीची पिशवी खाली ठेवून माझ्या दंडाला धरून उभ्या राहिल्या. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा कोणासमोर रडले, तेही पायात चाकं घालून, भिंतीला धरून.

घरी येऊन उजव्या स्केटचे नट थोडे आवळले, म्हणजे माझ्या झुकण्याने तो पटकन वळणार नाही. जास्त आवळले तर पाय ताठ होतो, म्हणून पाव फेरा, मग चालवून बघायचं, मग पुन्हा थोडं. मावशी आणखी दोनदा अंगणात येऊन बसल्या. मग त्यांचा मुलगा आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना त्यांनी तुळशीला पाणी घालायला सांगितलं.

सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा भरली होती, तेव्हाच्या एका रविवारी गल्लीतले बरेचसे लोक घोडे बघायला गेले होते. मीही जाऊ शकले असते, शाळेतल्या एका बाईंनी विचारलं होतं. मी अंगणात गेले. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट वास हवेत होता, दोनदा ठसका लागला. मग फाटकापासून निघाले आणि सरळ स्टेजपर्यंत गेले. खरोखर सरळ. परत वळले, पुन्हा सरळ. इतका आनंद झाला की मी मागे वळून पाहिलं, कोणीतरी बघितलं असेल म्हणून. वर्गांच्या बंद खिडक्या तेवढ्या होत्या.

तरी मी ऊन चढेपर्यंत जात-येत राहिले. मग स्टेजच्या पायरीवर बसून बूट काढले, ओले मोजे उन्हात पसरले, आणि ते वाळेपर्यंत तिथेच बसले.