पुढच्या व्हॅनमधला माणूस

माझा दादा डूख धरणारा माणूस नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे. लहानपणी कुणी त्याच्या सायकलची हवा सोडली, तर तो पंप शोधायला जायचा आणि मी हवा सोडणाऱ्याचं तोंड नीट बघून ठेवायची. आज मी सेहेचाळीस वर्षांची आहे, घरात अजून चिमी म्हणतात, आणि ती तोंडं अजून माझ्या लक्षात आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय बोलले त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

दादा एकोणीस वर्षं एका कारखानदाराकडे ड्रायव्हर होता. फरश्यांचा मोठा कारखाना, शहराबाहेर, हायवेनं पस्तीस किलोमीटर. दादा त्या माणसाला अजूनही साहेब म्हणतो. मी म्हणत नाही. एकोणीस वर्षांत गाडीला नखभर ओरखडा नाही. दादाला गर्व असा एकाच गोष्टीचा होता, आपल्या ब्रेकचा. तो लागलेला कळायचाच नाही. कारखानदाराची म्हातारी आई मागच्या सीटवर झोपायची, ती घर आल्यावर हलवून उठवावी लागायची. ती एकदा म्हणाली होती, तुझ्या गाडीत मला माझ्या पलंगापेक्षा बरी झोप लागते. हे दादानं घरी येऊन तीनदा सांगितलं, आणि त्याच्या बायकोनं तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. माझी वहिनी तशी शहाणी.

मग नवी गाडी आली. तिच्यात अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोल होतं. वेग एकदा ठरवून दिला की पाय काढून घ्यायचा. पुढे दुसरी गाडी आली की ही आपली आपण हळू होते, अंतर राखून तिच्या मागे चालते, पुढची थांबली तर थांबते, पुढची पळाली की पुन्हा ठरलेला वेग धरते. शोरूमच्या माणसानं हे सगळं दादाला शिकवलं, कारण कारखानदाराला शिकायला वेळ नव्हता. दादा इतका हरखला होता की जेवताना ताटाभोवती वाट्या मांडून मला दाखवायचा. ही आपली, ही पुढची. एकदा त्यानं तिसरी वाटी ठेवली, सगळ्यांच्या पुढे, उभी. म्हणाला, हिची एक खोड आहे. पुढची गाडी ऐन वेळी बाजूला झाली आणि तिच्याआड काहीतरी उभंच असलं, तर हिला ते वेळेत कळेलच असं नाही. कधी कळतं, कधी नाही. तेवढ्यासाठी पाय ब्रेकपाशी आणि डोळे रस्त्यावर हवेत. गाडीच्या पुस्तकातही तसं लिहिलंय, पण ते पुस्तक कोण वाचतं?

महिनाभर दादानं शेजारच्या सीटवर बसून कारखानदाराला ती गाडी शिकवली. कारखानदार भित्रा, म्हणून पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात लांबचं ठेवून दिलं. वेग शंभर. डोळे रस्त्यावर ठेवा, हे रोज सांगितलं. महिना संपला त्या संध्याकाळी बंगल्याच्या पोर्चमध्ये चार पाहुणे उभे होते. त्यांच्यासमोर कारखानदार म्हणाला, "याच्यापेक्षा गाडीचा पाय बरा. रजा मागत नाही." पाहुणे हसले. दादाही हसला, सवयीनं. मग पाहुणे आत गेल्यावर त्याला सांगण्यात आलं की उद्यापासून यायचं कारण नाही, आणि किल्ल्या स्वयंपाकघरात देऊन जा.

म्हणजे त्या महाभागानं दादाकडूनच दादाला काढायची तयारी करून घेतली होती. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्यामुळे नाही. दादा त्या चार लोकांबरोबर हसला, हे मला सोसेना. तो घरी आला, हातपाय धुतले आणि वहिनीला म्हणाला, आता सकाळी जरा उशिरा उठता येईल. मी त्या रात्री जेवले नाही.

मी ज्या लाँड्रीत काम करते, तिथे दवाखान्यांचे कपडे धुतात. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. मी ते मोजून दवाखान्यात पोचवते आणि मळके मोजून घेते. लाँड्रीच्या दोन व्हॅन आहेत. एकीचा ड्रायव्हर सोडून गेला, तेव्हा मी मालकिणीच्या मागे लागून दादाला तिथे चिकटवलं. तो व्हॅन चालवणार, मी शेजारी बसणार. आमचा मोठा दवाखाना त्याच हायवेवर, कारखान्याच्या थोडा पुढे.

दुसऱ्याच आठवड्यात ती गाडी दिसली. पांढरी, लांबलचक, मधल्या लेनमध्ये, तिच्या पुढे भलीमोठी मोकळी जागा. त्या जागेत आमची व्हॅन आरामात मावली असती. मी दादाला म्हटलं, घूस. तो नको म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. शेवटी तो शिरला, आणि गाडी मागे निमूटपणे हळू झाली. दादानं वेग नव्वदवर आणला, तीही नव्वदवर. ऐंशी, ऐंशी. मी बाजूच्या आरशातून बघत होते. कारखानदाराची मान खाली होती, फोनमध्ये. त्याला पत्ता नव्हता.

"चिमे," दादा हळूच म्हणाला, "गाडी मीच चालवतोय की."

त्या दिवसापासून आमचा नेम झाला. कारखानदार आठ दहाला हायवेला लागायचा. एकोणीस वर्षांची घड्याळासारखी सवय, ती दादानंच लावलेली. आम्ही पाऊण तास आधी निघायचो, पेट्रोलपंपापाशी उभं राहायचो, पांढरी गाडी गेली की मागून व्हॅन काढून तिच्या पुढे शिरायचो. मग दादा इतक्या हळूहळू वेग उतरवायचा की मलासुद्धा कळायचं नाही. साठावर आणून ठेवायचा. बाजूनं ट्रक, बस, कुणाकुणाच्या मोडक्या मोटारी पुढे निघून जायच्या. कारखानदार फोनवर बोटं फिरवत आमच्या मागे मागे यायचा. वीस मिनिटांचा रस्ता पस्तीस मिनिटांचा. मधेच त्यानं मान वर केली तरी त्याला दिसायची एक लाँड्रीची व्हॅन. लाँड्रीच्या व्हॅनमध्ये माणूस असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बातम्या आम्हाला कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन पुरवायचा, दादाचा जुना दोस्त. साहेब रोज उशिरा येतात. साहेब म्हणतात, गाडी रेंगाळते. गाडी तीनदा शोरूमला गेली, तिन्ही वेळा त्यांनी काही दोष नाही म्हणून धुऊन परत दिली. साहेब शोरूमच्या मॅनेजरशी भांडले, वकिलाची नोटीस पाठवतो म्हणाले. एकदा बाहेरगावचे मोठे खरेदीदार वाट बघून उठून गेले. हे ऐकून दादा म्हणाला, एवढं नको होतं. मी मात्र त्या रात्री गाढ झोपले.

दादाही बदलला होता, हे खोटं कशाला सांगू. तो शीळ घालायला लागला होता. सकाळी दाढी करून यायचा. मलाही वाटायचं, चला, उट्टं निघतंय. पण मनात खोलवर माझं पोट भरलेलं नव्हतं. उशीर होणं ही काय शिक्षा झाली? त्या माणसाला दुखलं कुठे होतं? त्याला अजून माहीतसुद्धा नव्हतं की कुणी त्याचं काही वाईट चिंतत आहे.

दोन महिने झाले असतील. त्या दिवशी आम्हाला पंपावर उशीर झाला, म्हणून दादानं वेग फारसा उतरवला नव्हता. आम्ही नव्वदला होतो, पांढरी गाडी मागे. पुढे रस्ता सरळ आणि ऊन स्वच्छ. मला लांबवर मधल्या लेनमध्येच एक ट्रक दिसला. चालता नव्हता. मागचं चाक बसलं होतं. दिवे नाहीत, इशाऱ्याला मागे दगड किंवा फांदीही ठेवलेली नाही. चाकाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं.

मी आरशात पाहिलं. कारखानदाराची मान खाली होती. कडेची लेन पूर्ण मोकळी होती. आमची व्हॅन उंच, मागून ट्रक दिसणं शक्यच नव्हतं. मला त्या तीन वाट्या आठवल्या. दादालाही आठवल्या असणार, कारण त्याचा हात इंडिकेटरच्या दांडीवर गेला आणि तिथेच राहिला. ऐन शेवटी बाजूला सरायचं, बस. आमच्या हातून काहीच झालं नसतं. कुणी काही म्हणालं नसतं. गाडीचा पाय बरा म्हणे, तर बघू दे त्याला.

मी म्हणाले, "सरक."

दादा ऐकू न आल्यासारखा समोर बघत होता. मी पुन्हा म्हणाले, "सरक दादा. आत्ता सरक."

त्यानं ब्रेक लावला. माझ्या मांडीवरची चादरींची यादीसुद्धा हलली नाही. व्हॅन हळू होत होत ट्रकच्या बरीच मागे थांबली आणि आमच्या मागे ती पांढरी गाडी, शहाण्यासारखी, अंतर राखून. दादानं चारही दिवे लुकलुकते लावले आणि खाली उतरला. मीही उतरले.

तो कारखानदाराच्या खिडकीपाशी गेला आणि काचेवर बोटानं वाजवलं. काच खाली आली. कारखानदारानं मान वर न करताच विचारलं, मधेच काय थांबलास? मग मान वर केली आणि त्याला ओळखलं.

"साहेब," दादा म्हणाला, "दोन महिने तुमची गाडी मीच चालवतोय. पुढे बसून. तुम्ही साठनं जात होता तेव्हा मी साठनं नेत होतो."

दादानं बोट करून ट्रक दाखवला.

"तो बघा. मी सरळ चाललो होतो म्हणून तुम्ही इथे आहात. बाजूला झालो असतो तर तुमची गाडी त्याच्यात शिरली असती. मनात आलं होतं माझ्या. उद्या दुसऱ्या कुणाच्या मनात येईल. पुढे कोण आहे ते बघत जा, साहेब."

एवढं तो अगदी हळू बोलला, एकोणीस वर्षं बोलायचा तसंच. कारखानदाराचा रंग उडाला. त्यानं फोन बाजूला टाकला आणि थांबलेल्या गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, ते मी डोळे भरून पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझं पोट भरलं. मेला असता तर एकदाच मेला असता. आता रोज मरणार होता.

आणि तसंच झालं. वॉचमन सांगतो, साहेब आता कडेच्या लेननं पन्नासनं येतात, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, क्रूझ बंद. पुढे कुठलीही व्हॅन आली की कचकन ब्रेक मारतात. म्हातारी आई त्यांच्या गाडीत बसायला तयार नाही. फोन मागच्या सीटवर टाकतात. त्यांनी वॉचमनच्या हाती दादाला निरोप पाठवला, परत ये, म्हणशील तसं ठेवतो. दादानं नाही म्हणून सांगितलं. मी असते तर आधी महिनाभर ताटकळवलं असतं.

पण त्या दिवशी दवाखान्यापर्यंत दादानं शीळ घातली नाही. आधी आम्ही दोघांनी ट्रकवाल्याला मदत केली. चाकाशी बसलेला ट्रकचा क्लीनर होता, पन्नाशीचा, हातभर ग्रीस. त्यानं दादाचे दहा वेळा आभार मानले, कशाबद्दल ते त्याला पुरतं माहीत नव्हतं. दवाखान्यात मी चादरी मोजून दिल्या, मळक्या मोजून घेतल्या, गठ्ठे व्हॅनमध्ये चढवले. दार लावताना दादानं विचारलं,

"चिमे, तो माणूस चाकापाशी बसला होता. तू सरक म्हणालीस तेव्हा तुला दिसला होता?"

मी म्हणाले, "नाही."

त्यानं मान डोलावली आणि दाराची कडी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाँड्रीत गेले, तर व्हॅनच्या पुढच्या सीटवर अभ्र्यांचं मोठं पोतं बसवलेलं होतं, पट्ट्यानं बांधून. दादा काच पुसत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तू त्या दुसऱ्या गाडीनं ये."