परत करायचा कोट

अमेरिकेत, ट्रॉय नावाच्या गावी असताना मला वर्षाला किती डॉलर मिळतात हे वर्ध्यातल्या आमच्या दुकानाच्या ओळीत प्रत्येकाला पाठ होतं. त्याचे रुपये किती होतात हेही. त्यातले मी खर्च किती करते हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता.

ही गोष्ट २००४ ची. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या शेजारी, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्रोग्रॅमर होते. वय एकतीस, लग्न नाही, आणि येऊन तीन वर्षं झालेली. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये मी आणि एक मुंबईची रूममेट अशा दोघी राहायचो. घरात कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरमध्ये माझी एक्सेल शीट होती. डावीकडे डॉलर, उजवीकडे गुणिले पंचेचाळीस. डावा रकाना मी कधी बघितलाच नाही. केस कापायला अठरा डॉलर म्हणजे आठशे दहा रुपये. आठशे दहा रुपये केसांवर? म्हणून दोन वर्षं केस कापले नाहीत आणि मला लांब केसच आवडतात असं सगळ्यांना सांगत फिरले. दाढ दुखायला लागली तेव्हा लवंग धरली आणि भारतात जाईपर्यंत सात महिने डाव्या बाजूने जेवले. स्वयंपाकघरात एक अख्खा खण बर्गरच्या दुकानातून उचलून आणलेल्या केचपच्या पुड्यांचा होता. बर्गर मी खात नव्हते. पुड्या आणायला म्हणून आत जात होते.

मी एकटीच असं करत होते म्हणावं तर तेही नाही. आमच्यातले सगळे हेच करत होते, आणि वर त्याचा टेंभा मिरवत होते. शनिवारी कुणाकडे तरी जमायचं. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, सगळे इंजिनिअर, सगळ्यांचे पगार गलेलठ्ठ, आणि संध्याकाळभर बोलणं काय, तर कुणी किती वाचवले. एका पुणेकराने हीटर कमी ठेवून महिन्याला चौदा डॉलर वाचवल्याचं सांगितलं, आणि ते सांगताना तो सतत नाक पुसत होता. आम्ही कौतुकाने ऐकलं. अमेरिकेला आपल्या हातून एक पैसा मिळू द्यायचा नाही अशी शपथ घेऊन आल्यासारखे आम्ही सगळे तिथे राहत होतो.

या विद्येतली सगळ्यांत वरची पायरी म्हणजे रिटर्न. तिथली मोठी दुकानं पावती दाखवली की नव्वद दिवसांपर्यंत वस्तू परत घ्यायची आणि पूर्ण पैसे द्यायची. न आवडलेली वस्तूच माणूस परत आणील असा त्यांचा समज. आमच्याशी गाठ पडेपर्यंत तो बरोबरही असावा. नायगारा बघायला जाताना कॅमेरा घ्यायचा, आल्यावर परत. बारशाला खुर्च्या घ्यायच्या, बारसं झालं की परत. एका काकूंनी तर पंखा अख्खा उन्हाळाभर चालवून ऑगस्टच्या शेवटी परत केला आणि 'आवाज करतो हो' म्हणून तक्रारही केली. हे त्यांनी मला वरण वाढता वाढता सांगितलं, आणि मी हसून मनातल्या मनात नोंद करून घेतली.

त्या जानेवारीत माझे बाबा यायचे होते. मला एकटीला इतक्या लांब पाठवायला घरातल्या सगळ्यांचा विरोध होता, आणि बाबांनी तो एकट्याने मोडून काढला होता. तेव्हापासून कुणी ना कुणी दुकानात येऊन विचारायचं, पोरगी तिकडे कशी राहते हो एकटी? आता ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून जाणार होते. परत जाऊन त्यांना छातीठोकपणे सांगता यावं की ती सुखात आहे, एवढंच मला हवं होतं. आणि त्यासाठी मी त्यांना मिशिगनला कधी बोलावलं, तर जानेवारीत. कारण तिकीट स्वस्त होतं.

तिकिटात वाचवले ते कोटात जाणार हे नंतर लक्षात आलं. वर्ध्याच्या माणसाकडे त्या थंडीचा कोट कुठून असणार? चांगला, जाड, काळा कोट एकशेवीस डॉलरचा होता. पाच हजार चारशे. सहा आठवड्यांसाठी! मी दुकानात अर्धा तास त्या कोटासमोर उभी राहिले, शेवटी रूममेटला फोन केला. ती म्हणाली, "अगं यार, घे ना. फक्त किमतीचं लेबल कापू नकोस. बाहीत आत सरकव आणि सेफ्टी पिन लाव. काका गेले की रिटर्न. सिस्टीमच तशी आहे, आपण काय चोरी करतोय?" मी कोट घेतला, आणि त्याच हिशोबात स्वतःसाठी हॉलमध्ये झोपायला हवा भरायची एक गादीही घेतली. दोन्ही पावत्या मी फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवल्या.

बाबा आले. विमानतळाच्या दारातच मी त्यांना कोट घातला आणि तो त्यांच्या अंगावर मापाने शिवल्यासारखा बसला. पस्तीस वर्षं कापडाच्या दुकानात बसलेला माणूस, गाडीत बसल्या बसल्या त्यांनी कोटाचा पदर उलटा करून अस्तर चाचपलं आणि म्हणाले, "माल एक नंबर आहे." तेवढ्याने मी हवेत. पुढचे दहा दिवस फार छान गेले. बाबा कोट घालून बर्फात फिरायचे, घरी आल्यावर तो खुर्चीच्या पाठीला लावायचे, आईला फोनवर सांगायचे की पोरीने राजासारखा कोट घेऊन दिला. ऐकताना मला लाज वाटायला हवी होती. मला नुसतं बरं वाटत होतं.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी आंघोळ करून बाहेर आले तर बाबा टेबलापाशी कोट मांडीवर घेऊन बसलेले, हातात नेलकटर.

"दुकानवाल्यानं लेबल काढलंच नव्हतं बेटा. बाहीत पिन लावून ठेवलं होतं. रोज टोचत होतं, आज दिसलं."

"मग?"

"मग काय, कापलं."

"कुठे टाकलं?"

"कचऱ्यात. काहून?"

मी सरळ सिंकखालचा डबा ओढला आणि त्यात हात घातला. वर बटाट्याची सालं, खाली चहाचा चोथा, त्याच्याही खाली ते लेबल. कोपरापर्यंत हात बरबटला. मिळालं तेव्हा मी ते कुर्त्याला पुसलं, भिजलेला आकडा वाचता येतोय का ते उजेडात धरून बघितलं, येत होता, आणि माझ्या तोंडून "हुश्श" असं आलं. मग मान वर केली. बाबा माझ्याकडे बघत होते.

त्यांना समजावून सांगण्यासारखं काहीच नव्हतं. लग्नसराईत बायका आमच्या दुकानातून शालू न्यायच्या, मांडवात मिरवायच्या आणि चार दिवसांनी रंग पसंत पडला नाही म्हणून परत आणायच्या. बाबा शालू उलगडून निऱ्यांची जागा बघायचे, पदराला हळदीचा वास येतो का बघायचे आणि एक अक्षर न बोलता घडी घालून त्यांच्याच पिशवीत परत ठेवायचे. त्या बायका गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी लहानपणी गल्ल्याशेजारी बसून कितीदा तरी पाहिलं होतं. तेच आता माझ्यासाठी येईल म्हणून मी वाट बघत होते. ते आलंच नाही. बाबा नुसते घाबरल्यासारखे दिसले.

"परत करायचा आहे?"

"हो. इकडे सगळेच करतात, बाबा. नव्वद दिवस चालतं. तुम्ही गेल्यावर त्याचा मला काय उपयोग?"

"पगार भेटते ना वेळेवर?"

"भेटतो."

"सांगतेस तितकाच आहे ना?"

"हो बाबा!" मी चिडून म्हटलं. एवढं करून चिडायला मी तयारच होते.

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातून लेबल घेतलं, ते आधी रुमालाने कोरडं केलं आणि म्हणाले, "असं पिनेनं लावलं तर कोणालेही समजते. शिवणीतून ओवावं लागते. सुई-दोरा आहे?"

हा तो क्षण होता. राहू द्या, कोट तुमचा आहे, मी तुमच्यासाठीच घेतलाय, एवढंच म्हणायचं होतं. एकशेवीस डॉलर. एका दिवसाच्या कामाचे पैसेसुद्धा नाहीत ते. माझ्या डोक्यात पाच हजार चारशे आले, आणि मी आत जाऊन सुई-दोरा आणून दिला. वर काळा दोरा सापडला म्हणून खूशही झाले. बाबांनी खिडकीपाशी बसून, चष्मा नाकावर ओढून, ते लेबल इतक्या सफाईने बाहीच्या शिवणीत बसवलं की कारखान्यातसुद्धा तसं बसवत नसतील.

त्या दिवसापासून तो कोट त्यांनी दुसऱ्याचा माल वापरावा तसा वापरला. गाडीत बसण्याआधी काढायचे, उलटा घडी करून मागच्या सीटवर ठेवायचे. गोठलेलं तळं बघायला नेलं तर काचेतूनच बघितलं, खाली चिखल आहे म्हणाले. पंख्यावाल्या काकूंकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी कोट दाराबाहेरच काढला, झटकला आणि हँगर मागून घेतला. घरी रूममेट मला म्हणाली, "काका किती नीटनेटके आहेत ना!" मी म्हटलं, हो, पहिल्यापासूनच.

माझा बेत असा, की ते गेल्यावर कोट नेऊन द्यायचा. ते म्हणाले, नाही, मी आहे तोवर करून टाक. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. काउंटरपाशी त्यांनी कोट अंगातून काढला आणि घडी घातली, बाह्या आत, कॉलर वर, आमच्या दुकानात घालतात तशी. मग तो माझ्या हातात दिला आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. काउंटरवरच्या बाईने विचारलं, काही प्रॉब्लेम होता का? मी म्हटलं, साइज बरोबर नव्हता. बाबांना एवढं इंग्रजी येत होतं. बाईने लेबल बघितलं, तिला काहीही संशय आला नाही, आणि एकशेवीस डॉलर माझ्या कार्डावर परत आले. वर टॅक्ससुद्धा.

तिथून गाडीपर्यंत चांगलं पाच मिनिटांचं अंतर होतं. दारापाशी पार्किंग मिळावं म्हणून घिरट्या घालण्यात पेट्रोल जातं, म्हणून मी लांब लावायची. वारा असा की डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा आईने विणलेल्या स्वेटरवर चालत होते, हात काखेत धरून. मी माझा मफलर पुढे केला. "राहू दे, चालते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी विमानतळावरही ते तसेच स्वेटरवर गेले.

एप्रिलमध्ये बाबा दुकानात गेलेले बघून आईने मला मुद्दाम फोन केला. म्हणाली, "तुह्या इथल्या खात्यात त्यांनी दहा हजार टाकले. तुले सांगू नको म्हणाले. दुकानात सगळ्यांले सांगतात, पोरगी मजेत आहे, मोठं घर आहे, गाडी आहे. अन् मले घरी म्हणतात, तिची तिकडे लय ओढाताण आहे, पगार सांगते तेवढा नसन, आपल्याले दाखवत नाही. जेवते का म्हणे बरोबर? खरं का गं?"

बाबा आयुष्यात दुकानात बसून कुणाशी खोटं बोललेले मला आठवत नाहीत.

त्या दिवशी माझ्या बँकेत एकतीस हजार डॉलर होते. तो आकडा मी आईला सांगितला असता तर बाबांची काळजी त्याच संध्याकाळी मिटली असती. पण मग पोरगी गरीब नाही हे त्यांना कळलं असतं, आणि ती कशी आहे तेही. मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"थोडी आहे ओढाताण," मी म्हटलं. "होईल हळूहळू ठीक."

त्यानंतर सलग चार दिवाळ्या बाबा माझ्या खात्यात दहा-दहा हजार टाकत राहिले, आणि मी ते घेत राहिले.