पुलीचा आरा

लाखनीला हायवेच्या कडेला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, ट्रॉलीचे हूक, येईल ते काम करतो. पण आजूबाजूच्या गावांत माझं नाव झालं ते बिडामुळे, म्हणजे ओतीव लोखंडामुळे. साधं लोखंड कोणीही जोडतो. बीड वाकत नाही, ताणत नाही, सरळ तुटतं. त्याच्या आत कार्बनचे बारीक काळे पापुद्रे असतात, म्हणून तुटलेली बाजू राखी दिसते. ते जोडायचं तर आधी अख्खा तुकडा भट्टीत सारखा तापवायचा, निकेलच्या रॉडने थोडं थोडं भरायचं आणि मग कोंड्याच्या राखेत दिवसभर गाडून ठेवायचं. घाईने थंड केलं की जोडाशेजारचं बीड पांढरं पडतं, काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ. हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात दिघोरीचा एक भाऊ मालवाहू ऑटोत पुली घेऊन आला. धान भरडायच्या हलरची, बिडाची, दोन हातांत मावणार नाही एवढी. तिच्या एका आऱ्याला चीर गेली होती. हा माणूस आधी तलावात मासे धरायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने जुनी हलर घेतली होती. नवरा-बायको दोघंच ती चालवत.

"होईन ना, भाऊ?" त्याने विचारलं.

"होते. पण उद्या न्या."

"उद्या आलो तरी चालते. मले काई घाई नाई."

घाई मलाच होती. त्याच दिवशी दुपारी सानगडीला माझ्या मेहुणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, बायको सकाळीच पुढे गेली होती. मनात आलं, याचा ऑटो सानगडीवरूनच जाणार. मी म्हणालो, "थांबा, आत्ताच करून देतो. मलेही तिकडंच यायचं हाये."

भट्टी पेटवली नाही. गॅसने चिरेच्या आजूबाजूला तेवढं तापवलं, एका दमात जोड भरला आणि हात लावता यावा म्हणून वर ओलं पोतं टाकलं. पोत्यातून वाफ निघाली तेव्हा आत बारीक टकटक आवाज झाला. तो मी ऐकला. नंतर ग्राइंडर फिरवला. जोड दिसायला सुरेख आला होता. सानगडीपर्यंत पुली आमच्या पायांशी होती आणि आम्ही दोघं यंदाच्या धानाबद्दल, माझ्या पोरीबद्दल बोलत गेलो. उतरताना त्याने माझ्या हातात गूळ-शेंगदाण्याची पुडी ठेवली, "पोरीले द्या" म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊ, पुली फुटली. आमच्या यायच्या पायात घुसली."

भंडाऱ्याला दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. मी त्याला बघून तिथून सरळ त्यांच्या गिरणीवर गेलो. तुकडे कोणीतरी भिंतीशी गोळा करून ठेवले होते. मी एकेक उचलून पाहिला. पुली जुन्या चिरेवर तुटली नव्हती. जोडाच्या अगदी लगत तुटली होती, आणि तिथे बोटभर पट्टा पांढरा, चकचकीत होता. खाली जमिनीवर धान सांडलेलं होतं, त्यावर रक्त वाळलेलं.

गावात सगळे म्हणत होते, जुनी पुली, नशीब खराब. तोही तेच म्हणायचा. मी दर आठवड्याला भेटायला जायचो, तर तो बायकोला सांगायचा, "भाऊ आले, चाय मांड." ते मला सहन होईना. दीड महिन्याने एका दुपारी, ती बाहेर धुणं वाळत घालत होती तेव्हा, मी त्याला सगळं सांगितलं. भट्टी, राख, ओलं पोतं, साक्षगंध.

त्याने मांडीवरची चादर ओढून घेतली.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग आता काहून सांगून राहिला?" त्याचा आवाज चढला नाही. "जुनी पुली होती म्हणून मी झोपत होतो. आता मले झोप कशी येईन?"

त्याची बायको दारात येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. हातातलं ओलं लुगडं तिने तसंच खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "तुमी आता येत नोका जाऊ."

मी पुन्हा गेलो नाही. हलर त्यांनी विकली. त्याची बायको आता दुसऱ्यांच्या शेतात रोवणीला, धान लावायला जाते, तो घरी बसून जाळी विणतो असं ऐकतो. दुकानात कोणी पुली आणली की मी सांगतो, नवीन घ्या. काही जण ऐकतात. काही जण माझ्यासमोरच ती उचलून दुसऱ्या दुकानात नेतात, आणि मी हातातलं काम सोडून त्यांच्या मागे जातो, तिथल्या वेल्डरला भट्टी पेटवायला सांगतो. तो हसतो. म्हणतो, "एवढा वेळ कोणाले हाये, भाऊ?"