मिस ओडेलाची वही

बर्मिंगहॅमच्या ब्लॅक हॉर्नेट्स बेसबॉल संघाच्या, चेंडू फेकणाऱ्या कुठल्या पिचरने किती फलंदाज बाद केले आणि किती धावा दिल्या, हे एकाच वहीत असे, आणि ती वही मिस ओडेला प्रुइटच्या ताब्यात. गोऱ्यांची वर्तमानपत्रं आम्हा काळ्यांच्या सामन्यांकडे ढुंकूनही बघत नसत. आमचं साप्ताहिक ओडेला पाठवेल तेवढंच छापी. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही बाई एक आकडा लिहील तर शपथ.

अडचण रविवारची. चर्च सुटल्यावर पिसांची टोपी सांभाळत ती मैदानावर पोचेपर्यंत पहिला डाव संपलेला असे.

"मिस ओडेला, पहिल्या डावात तिघांना उडवलं मी. अख्ख्या गावाने पाहिलं," पिचर रॉस्को टार्व्हर कळवळून म्हणाला.

"मग गावालाच सांग लिहायला."

शेवटी रॉस्कोने बायकोकडून लिंबाचा केक करवून घेतला आणि रेव्हरंड गेन्सना नेऊन दिला. "प्रवचन जरा आवरतं घ्या, एवढंच."

त्या रविवारी रेव्हरंडनी बायबलमधल्या नोहाला महापुरातून पाच मिनिटांत कोरड्या जमिनीवर उतरवलं. पहिल्या चेंडूआधीच ओडेला पेन्सिलीला टोक काढून बाकावर हजर. आणि रॉस्कोने पहिल्याच डावात सात धावा दिल्या. तिने सातही सुवाच्य अक्षरात लिहिल्या.

"ऊन डोळ्यांवर येत होतं," रॉस्को पुटपुटला.

"उन्हाला रकाना नाही," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी रॉस्को दोन केक घेऊन रेव्हरंडच्या दारात उभा.

"नोहाला एवढी घाई कशाला करायची, रेव्हरंड?"