पिंजाऱ्याची कमान

तानबाला डोक्यात राख घालून घ्यायला फार मोठं कारण लागत नाही. चहात साखर कमी पडली तरी चालतं. पण यंदाच्या दसऱ्यानंतर तो जो धुमसत होता त्याला खरंखुरं कारण होतं, आणि ते त्याच्या घरच्यांनीच पुरवलं होतं. त्याचा कमठा जळाला होता.

कमठा म्हणजे वेळूचं धनुष्य. तानबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये रुईची धूळ खात होता, तेव्हा तिथल्या गड्यांची एक टोळी असायची. दसरा झाला, वावरं मोकळी व्हायला लागली, की सुट्टीच्या दिवशी ही टोळी कुत्री घेऊन वणा नदीच्या काठानं निघायची. बंदूक कुणाच्या बापाजवळ नव्हती. कमठे होते, बाण होते आणि झुडपातली तितरं हुडकणारी कुत्री होती. शिकारबंदीचा कायदा तेव्हाही होता. तो सगळ्यांना माहीत होता आणि त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. मग एका वर्षी त्यांच्यातला नत्थू चार तितरांसकट सापडला. त्याची केस इतकी लांबली, की निकाल लागायच्या आधी नत्थूच गेला. त्याला पोचवून आल्यावर तानबानं आपले सगळे बाण चुलीत घातले.

कमठा मात्र त्यानं ठेवला, आणि दसऱ्यानंतरची फेरीही सोडली नाही. टोळीतले बाकीचे कुणी म्हातारे झाले, कुणी गेले. तानबा एकटाच कुत्री घेऊन निघायचा. खांद्यावर कमठा, भाता नाही, बाण नाही. कुत्रीनं तितर हुडकायचं, तानबानं रिकामी दोरी ओढून सोडायची, तितरं भर्रकन उडायची आणि दोघांनी घरी यायचं. गावातले लोक हसायचे. हसणाऱ्यांना तानबा जे उत्तर द्यायचा ते इथं लिहिता येत नाही.

त्याच्या या कुत्रीचं नाव तितरी. अंगावर तितरासारखेच भुरे ठिपके, म्हणून तितरी. तानबानं तिला पिल्लू असल्यापासून टोळीच्या रिवाजानं तयार केलं होतं. पहिला रिवाज असा, की वावरात गेल्यावर माणसानं तोंड उघडायचं नाही. हाक नाही, शीळ नाही, टाळी नाही. पाखराचा वास आला की कुत्र्यानं एक पाय उचलून जागच्या जागी थिजायचं, आणि कमठ्याची तात वाजल्याशिवाय हलायचं नाही. ही तात साधी दोरी नव्हे. बकऱ्याच्या आतड्याची, पिंजारी रुई पिंजायच्या कमानीला लावतात ती. दुसरा रिवाज वाट्याचा. पाखरं उडाली, कुत्रं धावून परत आलं, की कमठ्याचं टोक जमिनीला टेकवायचं आणि त्याच्या बुडाशी कुत्र्याचा वाटा ठेवायचा. पूर्वी पाखराचं काळीज असायचं, आता सुक्या बोंबलाचा तुकडा. हातानं भरवायचं नाही. हातानं भरवलं की कुत्रं लाडावतं, असं टोळीतल्या जुन्या लोकांचं म्हणणं, आणि तानबा त्या म्हणण्याच्या एक इंचही बाहेर गेला नाही.

तर हा कमठा दसऱ्याला गेला. तानबाचा पोरगा प्रफुल गावात मोबाइल रिचार्जचं दुकान चालवतो आणि रावणदहनाच्या मंडळात पुढे पुढे करतो. यंदा रामाचं प्लास्टिकचं धनुष्य ऐनवेळी मोडलं. प्रफुल घरी आला. तानबा देणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, म्हणून त्यानं आईला विचारलं. शकुबाईनं खुंटीवरचा कमठा काढून दिला. तिचंही चुकलं असं म्हणवत नाही. देवाच्या कामाला नाही कोण म्हणेल? पण रामानं पेटता बाण लावला तो दोरीला टेकवूनच. दोरी जळाली, वेळूनं पेट घेतला, रामानं कमठा घाबरून टाकून दिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रफुलच्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओसुद्धा आहे.

"बाबा, कायले इतकं मनाले लावून घेता?" प्रफुल म्हणाला. "ऑनलाइन मागवून देतो ना मी. मस्त फायबरचा भेटते."

"तुह्या फायबरले आग लाव," तानबा म्हणाला. "ते बी तुले जमते."

त्यानंतर तो घरात कुणाशी धड बोलला नाही. फक्त कुत्रीला हे काही सांगता येत नव्हतं. सोयाबीन सोंगून झालं, सकाळच्या हवेत गारवा आला, आणि तितरी दाराशी येऊन बसायला लागली. रिकाम्या खुंटीकडे बघायची, तानबाकडे बघायची, कुंईकुंई करायची. शेवटी एका सकाळी तानबाचं मन द्रवलं. नुसतं फिरून येऊ, त्याला कमठा कशाला हवा, असं म्हणून त्यानं बोंबलाचे तुकडे खिशात टाकले आणि तो तिला घेऊन निघाला. एवढ्या वर्षांत त्यानं असा बिनडोकपणा कधी केला नव्हता.

नाल्याच्या अलीकडे महादेवरावांचं तुरीचं वावर आहे. तूर यंदा माणसाच्या डोक्यावर गेली होती, फुलावर आली होती. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालता चालता तितरीनं नाक वर केलं आणि ती तुरीत शिरली. तानबाचा हात सवयीनं खांद्याकडे गेला. खांद्यावर काही नव्हतं.

तो थोडा वेळ उभा राहिला. तूर हलेना. तितरी आत कुठंतरी पाय उचलून उभी असणार, आणि तात वाजायची वाट बघत असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि तात वाजणार नव्हती.

मग तानबानं जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्यानं वावरात हाक मारली. "तितरी, ये. ये वो बाई." त्यानं शीळ घातली, टाळ्या वाजवल्या, धुऱ्यावरचे दगड उचलून तुरीत फेकले. काही नाही. तो आत शिरला, ओळीओळीनं फिरला. तूर दाट, कुत्री मातीच्या रंगाची आणि आवाज न करण्यात तरबेज. तितरंही मोठी चलाख, उडण्यापेक्षा चालत राहायची. ती सरकली की तितरीही सरकणार आणि पुन्हा थिजणार. तानबाच्या पायाखाली फांद्या मोडत होत्या, आणि ते ऐकून महादेवराव आले.

"तानबाजी, काय करून राह्यले तुमी? माही तूर आहे का सडक?"

"कुत्री आहे अंदर."

"मंग बलवा ना तिले."

"येत नाई."

"तुमची कुत्री, अन् तुमच्यानं येत नाई?" महादेवरावांना हसू आवरलं नाही, पण लगेच ते गंभीर झाले. "दिवस मावळाच्या आत काढा बाप्पा. पोळ्यापासून बिबट नाल्यानं फिरून राह्यला. माह्या वावरातला राखणीचा कुत्रा नेला त्यानं, माहीत आहे ना?"

तानबाला माहीत होतं. तितरी तुरीत शिरल्यापासून दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतंच.

त्यानं बाभळीची फांदी वाकवली, महादेवरावांकडची नायलॉनची दोरी तिला बांधली आणि ओढून सोडली. फुस्स. दुपारी शकुबाई ताटलीत भाजी-भाकर घेऊन आली, ताटली वाजवून वाजवून थकली आणि धुऱ्यावर बसून स्वतःला बोल लावायला लागली. प्रफुल दुकान बंद करून आला. त्यानं मोबाइलवर धनुष्याच्या आवाजाचा व्हिडिओ शोधला, आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन तुरीच्या दिशेनं धरला. आधी जाहिरात लागली. सगळे गप्प उभे राहून कुठल्याशा पंपाची जाहिरात ऐकत होते. मग धनुष्य वाजलं. तुरीत एक पानही हललं नाही.

"तिले तात पाह्यजे," तानबा म्हणाला. "आतड्याची तात. तुह्या रामानं जाळली ते."

धुऱ्यावर बसलेली शकुबाई म्हणाली, "अहो, ते तात आणली कुठून होती तुमी?"

तानबानं रशीदभाईंचं नाव घेतलं. तात त्याला हिंगणघाटच्या रशीदभाईंनी दिली होती. रशीदभाई पिंजारी. जिनिंगच्या फाटकासमोर त्यांचं गाद्यांचं दुकान. आता तिथं रुई पिंजायचं यंत्र आहे, पण जुनी कमान त्यांनी भिंतीला टांगून ठेवलेली आहे. प्रफुलनं पुढचं काही ऐकलं नाही. मोटरसायकलला किक मारून तो गेला.

उन्हं कलली. नाल्याकडून गारवा यायला लागला. तानबा धुऱ्यावर उभा होता आणि त्याला सगळ्यांचा राग येत होता. प्रफुलचा, शकुबाईचा, रामाचा, केस करणाऱ्यांचा, नत्थूचासुद्धा. सगळ्यात जास्त राग त्या कुत्रीचा येत होता, कारण ती त्यानं सांगितलं तेच करत होती.

दिवस मावळायला आला तेव्हा मोटरसायकल दिसली. मागे रशीदभाई बसले होते आणि त्यांच्या मांडीवर माणसाहून लांब कमान आडवी धरलेली होती. समोरून येणारी बैलगाडी तिला वाट देण्यासाठी रस्त्याच्या कडेला थांबली होती. रशीदभाई उतरले, काही विचारलं नाही. एका हातानं कमान पेलली आणि लाकडी ठोकळ्यानं तातीवर वार केला.

तो आवाज तानबाच्या छातीतून आरपार गेला. जुन्या जिनिंगच्या दिवसांत गल्लीगल्लीतून ऐकू यायचा तोच, तुंई करून लांब जाणारा. वावराच्या पार टोकाला तितरं भर्रकन उठली, आणि त्यांच्यामागे तुरीचे शेंडे जोरात हलले. थोड्या वेळानं तितरी धुऱ्यावर आली. अंगाला फुलं चिकटलेली, जीभ बाहेर, शेपूट आनंदानं गरागरा फिरत होती. दिवसभर उपाशी उभी राहिल्याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

"ये वो माय," तानबा खाली बसून म्हणाला. त्यानं दोन्ही हात पसरले होते.

तितरी त्याच्या हातांना नाक लावून पुढे गेली. रशीदभाईंच्या पायाशी जाऊन कमानीच्या बुडाशी बसली आणि वाट्याची वाट बघायला लागली.

तो उठला, खिशातला बोंबील काढला आणि कमानीच्या टोकाशी मातीवर ठेवला. तितरीनं तो खाल्ला.

"भूक लागली असल बेचारीले," रशीदभाई म्हणाले.

प्रफुल त्यांना पोचवायला निघाला. मोटरसायकल सुरू झाली, कमान आडवी झाली, आणि तितरी उठून मोटरसायकलमागे पळायला लागली. तानबा ओरडत मागे धावला. सत्तरीचा माणूस, धोतर सांभाळत, आणि पुढे कुत्री, आणि त्यापुढे मोटरसायकल. महादेवराव धुऱ्यावर पोट धरून हसत होते. प्रफुलनं आरशात बघून ब्रेक लावला.

रशीदभाईंनी धापा टाकणाऱ्या तानबाकडे पाहिलं, कुत्रीकडे पाहिलं. "ले जाओ तानबाजी," ते म्हणाले. "आमच्याकडं आता कोन वाजवते हे? भिंतीले टांगलेलीच आहे. घेऊन जा."

"नाई, नाई. तुमच्या बापाची वस्तू आहे ते."

"तर मंग जपून वापरजा."

मोटरसायकल दोघांना घेऊन गेली. शकुबाई ताटली घेऊन पुढे घरी निघाली. तानबा कमान खांद्यावर घेऊन चालायला लागला. कमान जड होती, तिचं मागचं टोक रस्त्यावर घासत होतं आणि तितरी त्या टोकाला नाक लावून चालत होती. पुलाशी आल्यावर तानबा थांबला. त्यानं कमान कठड्याला टेकवून ठेवली आणि रिकाम्या हातांनी थोडा पुढे गेला.

"तितरी," त्यानं वळून हाक मारली. "चाल घरी."

तितरीनं त्याच्याकडे पाहिलं. शेपूट हलवली, मनापासून हलवली. पण ती कमानीपासून उठली नाही. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली, मग आवाज मऊ करून तिसऱ्यांदा. तिनं पुन्हा शेपूट हलवली. तानबाला इतकं वाईट वाटलं, की तो तिथंच रस्त्यावर बसला असता. पण नाल्याकडं अंधारायला लागलं होतं. तो परत आला, त्यानं कमान उचलली, आणि तितरी उड्या मारत त्याच्या मागे निघाली.

पानठेल्यावरच्या पोरांनी विचारलं, "तानबाजी, गाद्या पिंजाचा धंदा काढला का?"

"हो," तानबा म्हणाला आणि थांबला नाही.

कमान दारातून सरळ आत जाईना. ती तिरपी करून, भिंतीचे पोपडे पाडत त्यानं ती आत घेतली. शकुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे धूड कायले आणलं घरात?"

"कुत्री आणाची होती," तानबा म्हणाला. "ते एकटी नाई येत माह्यासंग."