फिलेकचा पोलादी तळ

आमच्या रेसच्या मोटरसायकलला ब्रेक नसतात. वळण आलं की डावा पाय खाली टाकायचा नि जळक्या कोळशाच्या खडीवरून घासत न्यायचा. साध्या बुटाचा तिथं भुगा होतो. म्हणून बुटाखाली पोलादी तळ बांधतात, चामड्याच्या पट्ट्यांनी. फिलेकचा डावा घोटा शर्यतीत पडून पडून वाकडा झालेला. ग्रेगोर लोहारानं त्याला ऐरणीजवळ बसवून, ठोकून ठोकून त्या वाकड्या पायाच्या मापाचा तळ केला. मग ग्रेगोर मेला. म्हणजे तसा दुसरा होणं नाही, हे लक्षात ठेव.

आपली पोरं पहिल्यांदा जगज्जेती झाली ना, त्या दिवशी फिलेक मैदानावर होता. पण कशाला? गाड्या पुसायला! "म्हातारा घोडा झालास, आता पोरांना धावू दे," असं क्लबाचे अध्यक्ष कोस्माला त्याच्या तोंडावर म्हणाले होते. ह्या माणसानं स्वतः सायकल तरी चालवली होती का कधी?

देशाच्या संघात आपल्या गल्लीतला बेनेक होता. पहिल्याच शर्यतीत त्याचा तळ मधोमध तडकला. पोरगं पांढरंफटक पडलं. फिलेकनं पिशवीतून स्वतःचा काढला.

"फिलेक, अरे हा ढगळ होतोय!"

"मग चिंध्या कोंब. नि रडू नकोस, डोळ्यांत पाणी घेऊन वळण दिसत नाही."

त्याच तळावर बेनेक दिवसभर धावला, नि शेवटच्या शर्यतीत स्वीडनवाल्याच्या पुढं निघाला. अख्खं मैदान रडलं बघ. कोळशाच्या धुळीनं काळ्या झालेल्या तोंडांवरून नुसत्या पांढऱ्या रेघा! लोकांनी बेनेकला उचलून हवेत उडवलं. तेवढ्यात कोस्मालांनी त्याच्या पायातला तळ सोडून घेतला. "हा आता इतिहास आहे," म्हणे.

फिलेकला वाटलं, देतील दोन दिवसांनी. पण क्लबातल्या एका पोराचा खांदा मोडला नि निरोप आला, येत्या रविवारी तू धाव. नीट धावलास तर क्लबाच्या संघात राहशील, नाही तर कायमची सुट्टी. झालं! फिलेक तळ मागायला गेला तर अध्यक्ष म्हणतात, "शनिवारी नगरभवनात सत्कार आहे, तिथं ये."

गेला, बायको त्रुदाला घेऊन. बघतो तर लाल मखमलीवर तळ ठेवलेला, सोनेरी रंग फासलेला! खाली पितळी पाटी.

"काय लिहिलंय रे?" त्रुदानं विचारलं.

"क्लबाच्या कारखान्यात बनवला म्हणून."

"आणि तुझं नाव? ग्रेगोरचं?"

"नाही."

त्रुदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तू उभा काय राहिलास पुतळ्यासारखा?"

फिलेक व्यासपीठावर चढला. "अध्यक्षसाहेब, हा माझा आहे. उद्या धावायचंय मला."

"अरे, देशाचा मान आहे तो! तुझं माझं काय करतोस लहान पोरासारखं?"

"साहेब, त्याचाच आहे तो," बेनेक मध्ये पडला. "मी दोनदा सांगितलं तुम्हाला."

"बेनेक, तू केक खा."

असा लाजला रे तो पोरगा, जगज्जेता असून! फिलेक मात्र सरळ अध्यक्षांच्याच खुर्चीत बसला, मखमलीवरून तळ उचलला नि पट्ट्या आवळल्या.

"सोनं उडेल त्याचं!" कोस्माला ओरडले.

"उडू दे. मला पोलाद हवंय."

आणि निघाला. खर्रर्र, खर्रर्र. नगरभवनाच्या दगडी पायऱ्यांवरून खाली, पुढं रस्त्यावरून घरापर्यंत, डावा पाय मुद्दाम घासत. मागं सोनेरी रेघ. त्रुदा त्याचा दंड धरून ताठ मानेनं चाललेली, जशी काही लग्नाची वरात.

रविवारी पहिल्याच वळणावर उरलासुरला रंग खडीत गेला. फिलेक दुसरा आला, नि संघात राहिला.

सोमवारी अध्यक्षांनी माणूस पाठवला, तळ परत द्या म्हणून. काय निर्लज्जपणा! दार त्रुदानं उघडलं, हातात लाल कोबी चिरायची सुरी तशीच.

"घेऊन जा की," ती म्हणाली. "पण पायासकट न्यावा लागेल. नि पाय काही एकटा येत नाही, मागून मी येते."