दगड न लावलेला ट्रॅक्टर

नाथू दारू पिऊन ट्रॅक्टरसकट प्रयागबाईच्या भाताच्या रोपांत घुसला, ही बातमी पोलादपूरच्या बाजारात पोचायला एक सकाळ पुरली. तिथं नाथूनं क्वार्टर मारली होती, वाडीत परत येईपर्यंत तिची बाटली झाली. खरं म्हणजे नाथूच्या गळ्यात माळ आहे. आयुष्यात त्यानं थेंब चाखलेला नाही. आणि ट्रॅक्टर घुसला तेव्हा तो त्यावर नव्हताच. वरच्या अंगाला सदूच्या पडवीत बशीतला चहा फुंकत होता.

गंमत अशी, की बातमी नाथूनं खोडलीच नाही. कुणी विचारलं की मान खाली, बस.

ट्रॅक्टर किशोरचा. त्याच्या वडलांनी वाडीतला पहिला ट्रॅक्टर आणला तेव्हापासून सीटवर नाथूच. सीट कसली, पत्रा आणि त्यावर गोणपाट! डोक्यावर ऊन, गिअर दोन पायांच्या मधे, स्टिअरिंग वळवताना खांद्यातून कळ यायची. उतारावर उभा करायचा तर ब्रेक दाबून पायानं खटका अडकवायचा, शिवाय चाकाखाली दगड. पुढचा ट्रॅक्टरही थोड्याफार फरकानं तसाच. यंदा किशोरनं नवा घेतला. वर छत, गिअर बाजूला, स्टिअरिंग एका बोटानं फिरणारं. शोरूमचा माणूस समजावायला लागला तर नाथू म्हणाला, "चाळीस वर्सं हेच करतोय मी. चहा घे नि जा."

त्या दिवशी सदूकडं चहाला जाताना उतारावर त्यानं गिअर काढला, ब्रेक दाबला, पायानं खटका सरकवला. खट वाजलं. पण हा खटका नुसता दोन ब्रेक एकमेकांना जोडायचा. गाडी थांबवून ठेवायचा दांडा सीटच्या डाव्या बाजूला होता. नाथूनं दगडही उचलला होता. पण एवढ्या चकचकीत गाडीला दगड लावताना सदूनं बघितलं तर वर्षभर चिडवेल, म्हणून टाकून दिला.

चौथ्या दिवशी प्रयागबाई किशोरच्या अंगणात उभी राहिली. "माजी रोपं भरून दे, नायतर त्या बेवड्याला गाडीवरनं उतरव!"

नाथूची बायको सगुणाबाई तरातरा पुढं आली. तीन दिवस गिरणीवर तिनं टोमणे खाल्ले होते. "ह्यांच्या तोंडाला थेंब लागला असंल तर माजी जीभ झडू दे! ये गो, हुंगून बघ!"

"चार दिवसांनी कसला वास येतोय, वयनी?" सदू म्हणाला. अख्खं अंगण हसलं.

बायकोवर हसलेलं मात्र नाथूला सोसेना. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत त्यानं सगळं सांगून टाकलं. खटका, दांडा, टाकलेला दगड. हसणं एकदम थांबलं.

किशोर म्हणाला, "मग काका, चार दिवस बेवडा म्हणवून का घेतलंत?"

"बेवड्याला दुसऱ्या दिवशी परत गाडी देतात रे," नाथू म्हणाला. "ज्याला ब्रेकच कळत नाय, त्याला कोण देनार?"